पाळण्यातली जागा

यंदाच्या अंकासाठी ‘रंजनाच्या वाटा’ हा विषय ठरवून संपादकांनी मला पत्र धाडले, तेव्हा त्यांच्या मनात तमाशाचे फड, तंबूतले सिनेमे किंवा फार तर कुस्त्यांचे आखाडे असावेत. परंतु ते पत्र हाती पडले त्या दिवशी मी इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीजवळच्या थोरल्या भावाच्या वस्तीवर होतो, आणि ओसरीवर डाळिंबांची प्रतवारी करीत बसलेल्या वहिनींनी माझ्याकडे न पाहताच जे वाक्य उच्चारले, त्याने या लेखाची दिशा ठरून गेली. “भावजी, पोरं परत त्या पार्कात चला म्हणत्यात,” त्या म्हणाल्या, “या बारीला मी घरीच राहते. पिशव्या सांभाळायला दुसरं कुणीतरी बघा.”

त्या वाक्यामागची हकीकत मला ठाऊक होती, कारण मी तिचा साक्षी होतो. मागल्या नाताळात आम्ही घरचे अकरा जण भाड्याची ट्रॅव्हलर करून एका करमणूक उद्यानात गेलो होतो. त्या उद्यानाचे नाव मी लिहीत नाही. जे तिथे घडले ते कुठेही घडते. सव्वा तास रांगेत उभे राहिल्यावर आमची पाळी आली, वहिनी माझ्या डाव्या हाताच्या आसनावर बसल्या, वरून खांद्यांवर उतरणारे ते जाड कवच त्यांच्या अंगाशी येऊन थांबले, आणि खालून येणाऱ्या पट्ट्याचे टोक बकलापासून चार बोटे अलीकडेच राहिले. गणवेशातल्या मुलाने कवच एकदा दाबले, पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा त्याने नुसती मान हलवली आणि बाहेरच्या दाराकडे हात केला. मागे कठड्याला टेकून शंभर-सव्वाशे माणसे पाहत होती, त्यांतले कुणी हसलेही. वहिनी उतरल्या, आमचे चष्मे, मोबाइल आणि चपला भरलेली पिशवी त्यांनी उचलली आणि जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसल्या. माझा पट्टा बसला होता. मी उतरलो नाही.

त्या मुलाने जे केले ते कर्तव्यच होते, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. कवच बंद होत नसेल तर माणसाला उतरवलेच पाहिजे. परंतु जी गोष्ट फाटकाशी पाच मिनिटांत आणि खासगीत कळू शकली असती, ती सव्वा तासाच्या प्रतीक्षेनंतर, पोराबाळांदेखत, परक्या लोकांच्या नजरांखाली कळावी, हे मात्र कोणत्याही सुरक्षेच्या नियमात लिहिलेले नाही. संपादकांचे पत्र आल्यानंतरचे काही आठवडे मी जत्रेच्या पाळण्यापासून उजनीच्या होडीपर्यंत जिथे जिथे हिंडलो, तिथे माझ्या मनात प्रश्न एकच होता: अंगाने भरलेल्या माणसाला मौजेची जागा आधी कशी सांगता येईल?

हा प्रश्न एकट्या वहिनींचा नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या देशातल्या दर चार प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ एक आणि पुरुषांतही साधारण तितक्याच प्रमाणात माणसे जादा वजनाची आहेत. सहलीला निघालेल्या प्रत्येक गाडीत असे कुणीतरी असते, आणि पुष्कळदा तेच पिशव्या सांभाळते.

रहाटपाळण्याचे दिवस आणि आजचे

चैत्र-वैशाखात बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत गावोगावी यात्रा भरतात. मोरगावच्या मयूरेश्वराची गर्दी भाद्रपदात आणि माघात होते, करंज्याच्या सोमेश्वराला श्रावणात रीघ लागते, नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरी वैशाखातल्या नृसिंहजयंतीला लोक लोटतात. आणि या मोठ्या क्षेत्रांखेरीज प्रत्येक गावचे आपापले दैवत आहे, त्याचा छबिना आहे, आणि छबिन्यापासून हाकेच्या अंतरावर, नांगरून सोडलेल्या एखाद्या रानात, पाळण्यांचे दिवे आहेत. माझ्या लहानपणी त्या रानात लाकडी रहाटपाळणा असे: चार पेट्या, मधे कणा, आणि कण्याला हाताने ढकलणारे दोन घामेजलेले गडी. पेटीत कोण बसते आहे हे ते गडी नीट पाहत, आणि एका पेटीत पाटलांच्या घरचे भारदस्त माणूस बसले की समोरच्या पेटीत तीन पोरे कोंबत, कारण तोल गेला तर तो त्यांच्याच मनगटांना सोसावा लागे.

बारामती तालुक्यातल्या एका यात्रेत मी रात्री दहाच्या सुमारास आकाशपाळण्याच्या मालकापाशी जाऊन बसलो. गृहस्थ सोलापूरकडचे, वडिलांपासूनचा धंदा. डिझेल जनित्राच्या आवाजात त्यांनी मला जे सांगितले ते त्या जुन्या गड्यांच्या शहाणपणाहून वेगळे नव्हते. “वजनाचं आमाला काय न्हाय साहेब. लोड समोरासमोर पडला पायजे. एक बाजू भरली अन् दुसरी मोकळी ऱ्हायली, की मोटर बोंबलती.” म्हणून पाळणा भरताना तो ओळीने भरीत नाहीत, एक पाळणा भरला की चाक अर्धे फिरवून त्याच्या समोरचा भरतात. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने जे पहिले प्रचंड चाक उभारले, त्याच्या ३६ डब्यांत प्रत्येकी ४० फिरत्या खुर्च्या होत्या आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत; तिथे एका माणसाच्या देहाचा विस्तार ही विचारात घेण्याजोगी बाबच नव्हती. आपल्या यात्रेतला पाळणा त्याचाच धाकटा वंशज. मी त्यातला एक पाळणा हातांनी मापून पाहिला: समोरासमोर दोन लोखंडी बाक, प्रत्येक सुमारे अडीच हात रुंद, दाराला एक साखळी आणि तिला अडकवायची खीळ. वहिनींसारखी दोन माणसे एका बाकावर सहज बसतील. इथून कुणाला परत पाठवीत नाहीत.

हे औदार्य पाहून मला प्रथम बरे वाटले, आणि मग पाळण्यापलीकडच्या ‘ब्रेकडान्स’पाशी उभा राहिल्यावर तितकेच भय वाटले. आकाशपाळणा संथ फिरतो, त्यात माणूस स्वतःच्या वजनानेच बसून राहतो. ब्रेकडान्स, टोराटोरा, कोलंबसची नाव हे प्रकार माणसाला आसनाबाहेर फेकू पाहतात, आणि तिथे दोघा-तिघांच्या मांड्यांवर मिळून एकच लोखंडी दांडी येते. एक धिप्पाड बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसला. दांडी बापाच्या पोटाला टेकून थांबली. मुलाच्या मांडीपासून ती वीतभर उंच राहिली, आणि त्या वीतभर पोकळीतून ते पोर सहज निसटले असते. पाळणेवाल्याचा हाताखालचा पोरगा हुशार होता. त्याने बापाला बाहेरच्या अंगाला आणि मुलाला आतल्या अंगाला बसवले, कारण फिरताना सगळा भार बाहेरच्या बाजूस लोटला जातो आणि जड माणूस आत असला तर तो हलक्याला चिरडतो. इतके त्याला अनुभवाने कळत होते. परंतु दांडीखालची पोकळी त्याने पाहिली नाही. यावर उपाय एकच आहे: अंगाने मोठ्या माणसाने अशा आसनावर आपल्याच बांध्याच्या माणसाबरोबर बसावे, आणि लहान मुलाला त्याच्यासारख्याच सडपातळ मामा-काकाबरोबर बसवावे. घरचे माणूस म्हणून जवळ घेण्याची आपली जी स्वाभाविक वृत्ती आहे, ती इथे आवरली पाहिजे.

मालकांनी आपले दप्तर मला उघडून दाखवले. यात्रा समितीचे पत्र, पोलीस ठाण्याचा परवाना, यंत्राच्या तपासणीचा दाखला, विजेच्या जोडणीचे कागद, विम्याची पावती. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. ते दाखले यंत्र मजबूत आहे असे सांगत होते. आसनात कसल्या बांध्याचे माणूस सुरक्षित बसेल, हे त्यांतल्या एकाही कागदावर नव्हते.

कडब्याची गाडी

उद्यानांतले पाळणे मात्र वेगळ्या घराण्यातले. १९८४ साली दिल्लीत अप्पूघर उघडले, १९८९ साली मुंबईच्या गोराईला एस्सेलवर्ल्ड आले, आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले, तेव्हापासून बारामती-इंदापूरकडच्या शाळांच्या सहली घाट उतरू लागल्या. इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा स्वित्झर्लंडमधल्या बोलिगर आणि माबिलार या कारखान्याने घडवलेला आहे. सुमारे ४० मीटर उंचीवरून तो खाली कोसळतो आणि वाटेत माणसाला पाच वेळा उलटे करतो. पायांखाली फळी नाही, समोर दांडी नाही. माणूस आणि पृथ्वी यांच्यामध्ये जे काही आहे ते खांद्यांवरून उतरणारे कवच आणि त्याला दोन मांड्यांमधून वर येऊन अडकणारा पट्टा. ते कवच खाली येताना एकेक दात्यावर अडकत येते, आणि ठरलेल्या दात्यापर्यंत ते पोचले नाही तर गाडी सोडायची नाही, अशी या जातीच्या यंत्रांची शिस्त असते.

इथे लोकांचा जो समज असतो तो मी वहिनींच्या तोंडून ऐकला: “माझं वजन जास्त, म्हणून यंत्राला पेलंना.” हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी उभी राहते तेव्हा प्रश्न टनांचा असतो. परंतु तीच गाडी कडबा भरून गावच्या वेशीतून जाऊ लागते तेव्हा टनांना कुणी विचारीत नाही. कडबा उसाच्या मानाने किती हलका, तरी गाडी वेशीत अडते, कारण पेंढ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या असतात. आणि लोखंडी गजांनी भरलेली गाडी त्याच वेशीतून चाकोरीने निघून जाते. रेल्वेसारख्या धावणाऱ्या त्या पाळण्याला दहा-वीस किलोंचे ओझे जाणवत नाही. तिथे प्रश्न वेशीचा आहे. छाती किती पुढे, पोट किती पुढे, बसल्यावर मांड्या किती रुंद, धड किती उंच, या चार मापांवर कवच बसते की नाही ते ठरते. म्हणूनच शंभर किलोंचा उंच पैलवान मजेत बसतो आणि ऐंशी किलोंची ठेंगणी बाई उतरवली जाते.

वजनाच्या आकड्यातून देहाची घडण कळत नाही, याचा दाखला आपल्याच पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे विलायतेतले स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या माणसाची चरबी पोटाभोवती साठते, हे आता सर्वमान्य आहे. आणि कवचाचा किंवा दांडीचा अडसर नेमका पोटाशीच येतो. तेव्हा वजनाची एक मर्यादा फलकावर लिहून ठेवल्याने इथे माणसाला आपली जागा कळणार नाही.

मात्र वजनाची मर्यादा व्यर्थ असते असाही याचा अर्थ कुणी घेऊ नये. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथे उंच मनोऱ्यावरून झेपावणाऱ्या एका पाळण्यातून १४ वर्षांचा एक मुलगा निसटून मृत्यू पावला. त्या यंत्राच्या निर्मात्याने आपल्या पुस्तिकेत १३० किलोंची मर्यादा घातली होती. मुलाचे वजन त्याहून पुष्कळ अधिक होते. तरी तो बसला, कारण मोठ्या देहाच्या माणसांना जागा व्हावी म्हणून त्या आसनाच्या कवचाची संवेदक कळ हाताने सैल करून ठेवलेली होती, आणि कवच पुरते मिटले नसतानाही दिवा हिरवा लागला. त्या मुलाला कुणी आधीच, आदराने, नाही म्हटले असते तर तो आज हयात असता. हे वाचल्यावर, त्या गणवेशातल्या मुलाने तिसऱ्यांदा कवच दाबले नाही याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

आणि हेच काम नीट कसे करता येते, याचे उदाहरणही त्याच शहरात आहे. २०१० साली तिथल्या युनिव्हर्सल उद्यानात हॅरी पॉटरच्या कथेवरचा पाळणा उघडला, तेव्हा पहिल्याच दिवसांत अनेक माणसे आसनावरून परत फिरली. उद्यानाने कडेची काही आसने बदलून ती अधिक विस्ताराच्या देहांना सोयीची केली आणि रांगेच्या तोंडाशीच एक नमुना-आसन मांडले. ज्याला शंका असेल त्याने तिथे बसून पाहावे, कवच ओढून पाहावे, आणि मग रांगेत शिरावे की नाही ते स्वतः ठरवावे. बोलिगर-माबिलारच्या अनेक पाळण्यांत ठरावीक रांगांमधली आसने दोन पट्ट्यांची असतात. ती मोठ्या छातीच्या माणसांसाठीच असतात. पण ती कोणत्या रांगेत आहेत हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारण्याचे धैर्य नेमके त्याच माणसाला नसते.

उजनीच्या पाण्यावर

वैशाखाच्या अखेरीस मी कुंभारगावला गेलो. उजनीचे पाणी उतरले होते, पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचे शिखर उघडे पडले होते, आणि रोहित पक्ष्यांचे शेवटचे थवे दलदलीत चरत होते. पुण्या-मुंबईचे लोक भिगवणला उतरून हे पक्षी पाहायला होडीत बसतात. आमच्याकडे उद्यानातला पाळणा नसला तरी ही होडी आहे, आणि तिचे गणित पाळण्याहून कठोर आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्या गावांतून आजही त्या संध्याकाळचा विषय निघाला की बोलणे थांबते.

इथे वहिनी माझ्याबरोबर होत्या. होडीवाल्याने सर्वांना तरंगजॅकिटे दिली. वहिनींच्या अंगावर ते चढले, पण पुढचे तीन पट्टे अडकेनात, आणि त्या नेहमीप्रमाणे ‘असू दे’ म्हणून हाताने ते धरून बसू लागल्या. होडीवाला तरुण होता, तो म्हणाला, “न्हाय वैनी, उघडं जाकीट पाण्यात वर निघून जातंय, माणूस खाली ऱ्हातंय.” त्याने पिशवीतून दुसरे जॅकीट काढले, त्याचे पट्टे मागून सैल केले, आणि ते बसेपर्यंत होडी सोडली नाही. ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवण्याजोगी आहे. मोठ्या देहाच्या माणसाला तरंगण्यासाठी जादा फोमची गरज नसते, चरबी पाण्यात हलकीच असते. गरज असते ती पट्टे अंगाभोवती पुरण्याची आणि बकल मिटण्याची. मग त्याने वहिनींना मधल्या फळीवर, बरोबर कण्याच्या रेषेवर बसवले, आणि आम्हा दोघा सडसडीत माणसांना दोन काठांना. उठताना एकेकाने उठायचे, काठाकडे झुकायचे नाही, ही ताकीद त्याने सर्वांना सारखीच दिली, कुणाकडे विशेष न पाहता. वहिनी त्या दिवशी मोकळ्या मनाने हसल्या. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, “असं आधी सांगितलं की बरं वाटतंय.”

घरून निघण्याआधी

मग आम्ही बेत केला. शाळा उघडण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारी जायचे ठरले. शनिवार-रविवारी आणि सहलींच्या मोसमात रांगा दुपटीने वाढतात, आणि रांग जितकी लांब तितका नकार अधिक बोचतो. मी उद्यानाच्या क्रमांकावर फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळाले, “आल्यावर बघू सर.” दुसऱ्यांदा मी पाळण्यांच्या व्यवस्थापकाला मागून घेतले, वहिनींची मापे सांगितली, आणि दांडीचे पाळणे कोणते, कवचाचे कोणते, स्वतंत्र दांडी कुठे आहे आणि सामायिक कुठे, असे एकेक विचारले. तो गृहस्थ वीस मिनिटे माझ्याशी बोलला. विचारणाऱ्याला उत्तर देण्याची तयारी पुष्कळांची असते. न विचारता सांगण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अजून पडलेली नाही.

मापे आम्ही घरीच घेतली. हात असलेल्या खुर्चीत वहिनींना पाठ पूर्ण टेकवून बसवले. छातीचा घेर, बसल्या स्थितीत पोटाचा घेर, दोन्ही मांड्यांची मिळून रुंदी, आणि पाठीपासून पोटाच्या पुढच्या टोकापर्यंतची खोली, अशी चार मापे पुतणीने शिंप्याच्या टेपने घेऊन वहीत लिहिली. उभ्याने घेतलेले माप इथे उपयोगाचे नाही, कारण बसल्यावर देह निराळा पसरतो. मग आसनात कसे बसायचे याची तालीम झाली: आधी कंबर मागच्या कोपऱ्यात सरकवायची, पाठ सरळ, हनुवटी वर, कवच स्वतःच्या हातांनी खाली ओढायचे, श्वास सोडायचा, आणि पट्टा स्वतः धरून बकलाकडे न्यायचा. कित्येकदा माणूस घाईने आसनाच्या पुढच्या कडेवर बसतो आणि चार बोटे तिथेच वाया जातात. खिशातला मोबाइल, कमरेची पर्स, जाड ओढणी हीही बोटे खातात.

पाण्याच्या खेळांचे निराळे. आपल्याकडच्या जलोद्यानांत सुती कपडे, साडी, सलवार घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचा पोशाख लागतो आणि तो तिथे भाड्याने मिळतो, पण मोठ्या मापाचे कपडे सकाळी दहालाच संपतात. वहिनींनी बारामतीच्या शिंप्याकडून नायलॉनचे कापड घेऊन पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत तुमान शिवून घेतली. शिंपीणबाईंनी मांडीच्या आतल्या शिवणीला दुहेरी पट्टी लावली, कारण ओल्या कपड्यात चालताना मांड्या घासून सोलपटतात. रबरी तराफ्यांच्या घसरगुंडीवर प्रत्येक तराफ्याची एकूण वजनमर्यादा पाळावीच लागते. चारांच्या तराफ्यात तिघे बसले तर काही बिघडत नाही. मऊ तळाचे बूट, पाण्याच्या दोन बाटल्या, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर, आणि दुपारी बारा ते तीन सावलीत मुक्काम. निमगावहून भिगवण, पाटस, हडपसर करीत आणि पुढे द्रुतगती मार्गाने घाट उतरत चार-साडेचार तास लागतात. तेव्हा पहाटे पाचला निघालो.

फाटक उघडताच व्यवस्थापक भेटला. त्याने वहिनींना बाहेरच्या वाटेने रिकाम्या गाडीपाशी नेले. सोबत मी आणि पुतणी; बाकी कुणी नाही. मोठ्या पाळण्याचे कवच या वेळीही मिटले नाही, एक बोट राहिले. वहिनी क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “ठीक आहे, हा न्हाय.” दुसऱ्या दोन ठिकाणी दांडी मांडीवर नीट बसली. त्या दिवशी त्यांनी त्या दोन पाळण्यांत तीनतीनदा फेरी मारली, तराफ्यावर ओरडल्या, आणि मोठ्या पाळण्याच्या वेळी खाली बाकावर बसल्या तेव्हा पिशवी आम्ही आळीपाळीने धरली. माझी पाळी पहिली होती.

एक आसन दाराशी

उद्यानांच्या मालकांकडे आणि यात्रा समित्यांकडे माझी विनंती एकच आहे. ज्या पाळण्यात कवच किंवा दांडी आहे, त्याचे एक आसन, निकामी झालेले जुने असले तरी चालेल, तिकीटखिडकीच्या अलीकडे, थोड्या आडोशाला मांडावे. त्याशेजारी मापांचा मराठी फलक लावावा, दुहेरी पट्ट्यांची आसने कोणत्या रांगेत आहेत ते लिहावे, आणि तिथे एक समंजस माणूस, शक्यतो बाई, उभी करावी. यात्रेच्या परवान्याच्या अर्जात तहसील कचेरीने आणखी एक रकाना घालावा: सामायिक दांडीच्या आसनावर मोठ्या माणसाबरोबर लहान मूल बसवले जाणार नाही, अशी पाळणेवाल्याची कबुलायत. यासाठी नवे यंत्र लागत नाही आणि फारसा जादा पैसाही लागत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे माणूस आहे, किंवा जे स्वतः तसे आहेत, त्यांच्यासाठी दिवाळीनंतरचा सहलींचा मोसम जवळ आला आहे. तिकिटे काढण्यापूर्वी उद्यानाला फोन करा, पाळण्यांच्या व्यवस्थापकाला मागून घ्या, आणि दोन गोष्टी विचारा: आसन रांगेबाहेर बसून पाहता येईल का, आणि दुहेरी पट्ट्याची आसने कुठल्या रांगेत आहेत.